छिटाचा झगा

मेणबत्त्यांच्या सणाला हिवाळ्याचा कणा मोडतो,
असं आमची आई म्हणे. त्या दिवशी
गोठ्यातला अर्धा चारा शिल्लक असायला हवा.
गोठा आता नाही. चाऱ्याच्या जागी
सूर्यफुलाच्या बियांचं एक पोतं, तेही निम्म्याखाली,
आणि कणा मोडला तो कादंबरीचा:
काल्युच्या हातून पायरीवर पडली,
दोनशे बाराव्या पानाशी उकलली, सरळ दोन तुकडे.

फिरत्या वाचनालयाची गाडी
व्होरूहून महिन्यातून एकदा येते,
रस्ता गोठला तर तेवढीही नाही.
तेव्हा ठरलं, पहिला तुकडा माझा, दुसरा त्याचा.
"शेवट आधी वाचणार?"
"एकोणऐंशीचा आहे मी," तो म्हणाला,
"शेवटाची घाई मला नाही. पण सुरुवातीला
तुझ्याइतका वेळ लावणं परवडायचं नाही."

खिडकीशी खुर्ची, गुडघ्यांवर घोंगडी.
बाहेर उणे चौदा.
सफरचंदाच्या फांदीला बिनमिठाची चरबी टांगलीय,
तिथे टिट पक्ष्यांची नुसती दंगल.
बुलफिंच मात्र कुंपणावर फुगून बसलेत,
लाल छातीचे, अवघडलेले,
लग्नाला फार लवकर पोहोचलेल्या पाहुण्यांसारखे.

ससा रात्री येतो. त्याला मी पाहिलेलं नाही,
फक्त वाचलंय. बर्फावर
दोन लांब, दोन छोटे, दोन लांब, दोन छोटे,
आणि परिच्छेद संपतो तिथे
कोवळ्या सफरचंदाची साल सोललेली.
शिव्या घातल्या मी. मग छाटलेल्या फांद्यांचा ढीग
त्याच्या वाटेत टाकून आले. खा बाबा, पण हे खा.

एकशे चाळिसाव्या पानावर नायिका अजून स्टेशनातच.
तिथेच बोट ठेवून माझा डोळा लागतो,
जाग येते तेव्हा उजेड आहे अजून,
गेल्या आठवड्यापेक्षा
सात-आठ पानांनी जास्त.

गुरुवारी काल्यु कुंपणावरून ओरडला,
"तुझ्याकडे किती पानं आहेत?"
"दोनशे बारा."
"माझं दोनशे एकतीसपासून सुरू होतंय!"
लाकडं रचताना आपला तुकडा
शेडमध्येच विसरला होता, तीन रात्री.

बॅटरी घेऊन शोधलं आम्ही.
बर्चच्या ओंडक्यांमागे, त्याच्या बापाच्या
नमद्याच्या जुन्या बुटात
कातरलेल्या कागदाचं घर.
एका चिठोऱ्यावर "आणि मग" एवढं वाचता आलं,
तेवढ्यात आत काहीतरी हललं, श्वास घेतल्यासारखं.
काल्युने बूट जागच्या जागी ठेवला,
मांडणीवर पुस्तक ठेवावं तसा, कडेला कड लावून.
"वाचनालयाला काय सांगायचं?"
"उंदराच्या नावावर लाव."

तेव्हापासून रोज सकाळी, बिया घालताना,
ती अठरा पानं आम्ही तोंडी लिहितो.
तो म्हणतो, ती गाडीत बसली.
मी म्हणते, नाही बसली, बाकावर
हातमोजा विसरला म्हणून मागे वळली.
त्याला पटत नाही. चाळीस वर्षं
रेल्वेच्या फाटकावर काढलीत त्याने,
गाडी आली आणि कुणी चढलं नाही
हे त्याच्या हिशोबात बसत नाही.

आज मात्र भांडण अर्ध्यावर राहिलं.
दंगलीतला एक टिट फुटून
हेझलच्या शेंड्यावर एकटाच बसला आणि बोलला:
सित्सिक्लेइत, सित्सिक्लेइत.
आमच्याकडची पोरंसुद्धा सांगतील तो काय म्हणतो:
छिटाचा झगा, छिटाचा झगा,
म्हणजे काढा आता कपाटातून.

"उणे नऊ आहे रे," काल्यु वर बघून म्हणाला.
टिटाने ऐकून घेतलं नाही.

घरात येऊन मी
तीन स्वेटरांवर चौथा चढवला.
कपाटापर्यंत एकदा जाऊन आले मात्र.