सतरावा खिळा

निशाण आलं नाही, नुसता दांडा आला,
जुन्या पडद्यात गुंडाळलेला, आजाऱ्यासारखा.
आतून किडीने पोखरलेला,
टिचकी मारली तर भोपळ्यासारखा वाजे.
फिडेलिस केटरर म्हणाला, "ॲशचाच कर नवा,
आणि वजन तेवढंच ठेव. माझ्या खांद्याला ते पाठ आहे."
फिडेलिस खाटीक. तीस वर्षं ब्रुनाखच्या नागरिक दलाचं निशाण धरतो.
त्याच्या पंजांसाठी पांढरे हातमोजे
मुद्दाम शिवून घ्यावे लागतात.

रेशीम काचेच्या पेटीत आडवं पडून आहे,
उभं केलं तर स्वतःच्या भाराने फाटेल.
मी मापं घ्यायला गेलो तेव्हा पाहिलं:
निळी ढाल, तिच्यात रुपेरी ट्राउट, वर गिरणीचं अर्धं चाक.
भरतकाम दोन्ही बाजूंना, आणि दोन्ही बाजूंना
माशाचं तोंड दांड्याकडे.
तसा नियमच आहे, दप्तर सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या.
ढालीवरच्या जिवाने काठीकडे बघायचं,
नाहीतर तो पळ काढतोय असं दिसतं.
मासा पळून कुठे जाणार, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.

खिळे एकेचाळीस.
१९०४ साली निशाणावर तीर्थ शिंपडलं त्या दिवशी
वर्गणी देणाऱ्यांनी एकेक ठोकलेला.
पितळी, डोकं नखाएवढं, डोक्यावर नाव:
पाद्री, नगराध्यक्ष, दोन सराईवाले,
मेणबत्त्या ओतणारा, विधवा क्रेसेंझ हुग.
मी एकेक उपसून अंड्यांच्या ट्रेमध्ये
क्रमाने ठेवत गेलो.

मुठीच्या जागेवरचे नऊ-दहा अगदी गुळगुळीत.
चार पिढ्यांच्या तळव्यांनी अक्षरं खाल्ली.
त्याचं काही वाटलं नाही. पितळ आहे, झिजणारच.
सतरावा मुठीपासून लांब,
तिथे कुणाचा हात पोचत नाही.
तोही कोरा.
भिंगाखाली धरला तर बारीक, सरळ,
एकाच दिशेच्या रेघा.

झिजलेलं वेगळं, झिजवलेलं वेगळं.
आमच्या धंद्यात हे पहिल्या महिन्यात कळतं.

खिळा उपसला असता तर दांडा चिरला असता,
म्हणून कुणीतरी नुसतं नाव उपसलं.
काम चांगलं केलंय. कड कुठे मोडलेली नाही.
गावात तेव्हा अशा कानशी चार-पाच तरी असतील.
एक माझ्या आजोबांची, अजून भिंतीला लटकते.
मी ती त्या रेघांना लावून पाहिली नाही.

बाईंनी वही काढली, न विचारता पान उघडलं.
सतरा. मायर बिकार्ट, कापडवाले.
अकरा वार निळं रेशीम, विनामूल्य.
म्हणजे तो मासा ज्या पाण्यात पोहतोय
ते पाणी त्याचं.

कप्तान येऊन गेले.
चाळीसच बसव म्हणाले, जवळजवळ घेतले तर कुणाला कळतंय.
मग म्हणाले, नाव पुन्हा कोरून घेऊ या का, खर्च दल करेल.
मग घड्याळ बघितलं, म्हणाले, सभेत ठेवतो.
फिडेलिस दारात उभा होता, टोपी हातात घेऊन.
"वजन तेवढंच ठेव," म्हणाला,
"मी आधीच सांगितलंय."

सभा झाली नाही. सण आला.
रस्त्यात पाकळ्यांचे गालिचे, अस्वलाच्या कातडीच्या टोप्यांतून
घाम गाळणारे शिंपी, शिक्षक, बँकेतला पोरगा.
नव्या दांड्यावर नव्या रेशमाची नक्कल,
तीच ढाल, तेच चाक, मासा तसाच काठीकडे बघणारा.
सतरावा मी सतराव्या जागी ठोकला होता, कोराच.

तिसऱ्या वेदीपाशी फिडेलिसने निशाण झुकवलं.
झुकताना दांडा खाली आला, माझ्या डोळ्यांच्या उंचीला,
ऊन तिरपं होतं,
आणि रेघा भिंगाशिवाय दिसत होत्या.