एकशे पंचवीस

सारसोळ्याच्या धनेश तांडेलकडे
मोरेश्वरदादानं बोटीवरून ओसाकाहून आणलेली पेटी होती.
काळी, चपटी, पुढे वीस अक्षरांची उजळ पट्टी.
गेम सुरू झाला की पट्टीवर
बनवणाऱ्यांनी सोडलेला एखादा निरोप उमटायचा
आणि तो सारसोळ्यातच आलाय असं वाटायचं.

माझ्याकडे, नेरूळ सेक्टर सहा, दुसरा मजला,
घासाघीस करून आणलेलं कार्ड.
नव्या कायद्याचं : जनरल मिडी.
एकशे अठ्ठावीस आवाज, जगभर एकाच क्रमानं.
एक म्हणजे पियानो,
मग तो टोकियोत असो की तुर्भ्यात.

फ्लॉपीत गाणं नसतंच, हे मला धनेशनं सांगितलं,
अंगणात, वाळत घातलेल्या जवळ्याशेजारी.
आत फक्त हुकूम असतात :
अमक्या नंबरला उठव, हा सूर,
एवढ्या जोरानं दाब, आता सोड.
आवाज ज्याचा त्याच्या घरी.

खरं सांगायचं तर माझं व्हायोलिन
जास्त व्हायोलिन होतं.
त्याची पेटी हंड्यात तोंड घालून गायल्यासारखी,
पण हंड्याला घुमारा होता.

खेळ एकच, रानातला.
त्याच्याकडे तिसऱ्या ओढ्यापाशी पाखरू बोलायचं.
काकू पाट्यावरून मान वर करायच्या,
"यो कंचा पाखरू?"
माझ्याकडे त्याच ओढ्यापाशी
वेलींच्या आत
फोन वाजायचा.
आई कणकेच्या हातानं धावत यायची,
आमच्याकडे फोन नव्हता तरी.
आणि शेवटी, जिथं त्याच्या पेटीत अख्खं रान गुणगुणायचं,
तिथं माझ्या कार्डावर गोळी सुटायची.

आम्ही वहीत दोन रकाने आखले.
एकशे चोवीस : त्याचा फोन, माझा पक्षी.
एकशे पंचवीस : त्याचा पक्षी, माझा फोन.
मी म्हटलं, माझं बरोबर, हे जगाचं ठरलंय.
तो म्हणाला, "तुझं कार्ड प्रमाणभाषा बोलतं.
पण हे गाणं जगाचं ठरायच्या आधी लिहिलंय ना?"

त्याच महिन्यांत त्याचे वडील
कागदांची पिशवी घेऊन बेलापूरला खेपा घालत होते.
एका सर्वे नंबरापुढे त्यांना खाजण दिसायचं,
बांध, उधाणाचं पाणी, चिखलात उड्या मारणारे निवटे.
साहेबाच्या यादीत त्याच नंबरापुढे
काहीतरी दुसरंच छापलेलं.
मी तेव्हा या दोन याद्या शेजारी ठेवल्या नाहीत.
बारावीचं वर्ष होतं.
आणि आमची इमारत कुठल्या नंबरावर उभी आहे
हे मी घरी विचारलं नाही,
नंतरही नाही.

आता लॅपटॉपमध्ये दोन्ही आहेत,
पेटीही, कार्डही, टिचकीच्या अंतरावर.
काल रात्री तिसऱ्या ओढ्यापाशी थांबलो.
कार्ड निवडलं. फोन वाजला,
वाजू दिला.
पेटी निवडली.
मग धनेशला लावला. सात वर्षांनी.
तो "कोण?" म्हणाला,
मी मोबाइल नुसता स्पीकरजवळ धरला.

पाखरू दोनदा बोललं.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही,
पंख्याचा आवाज तेवढा.
मग तो म्हणाला,
"घुमारा कमी आहे रे."