तीस फूट वायर

घर चाकांवर घेतलं तेव्हा वाटलं, मागं काही उरलं नाही.
उरलं होतं ते विजेचं मीटर,
इचलकरंजीत, जिन्याखाली, लाल डोळा मिचकावत.

त्याच्या बदली हा. निळा. सव्वीस किलोचा.
अभिनंदन त्याला आडव्या हातांनी उचलतो,
नुकतं जन्मलेलं वासरू उचलावं तसं,
आणि दर मुक्कामी कंबर धरून बसतो.

केरीला सुरूंच्या बनात गाडी लावली.
समोर दर्या, उजवीकडे तेरेखोलचं मुख,
शेवटची फेरीबोट पलीकडे लागलेली.
मार्च महिना. पत्रा रात्री आठलाही तापलेला.
तेल बघितलं, चोक ओढला, दोरी खेचली.
बोटाला फोड आला तेव्हा तो सुरू झाला
आणि सुरू ऐकू येईनासे झाले.

धूर अंगावर नको म्हणून ठेवला मागच्या अंगाला,
दर्याचं वारं ज्या दिशेला जात होतं तिकडं.
पावलं मोजली मी. नऊ.
वायर तीस फुटांची, पण निम्मी गुंडाळीतच ठेवली,
सकाळी परत कोण गुंडाळणार?

मग बॅटरी घेऊन एक म्हातारा आला, मागं कुत्रं.
मला वाटलं, आवाजाची तक्रार.
माफीचं वाक्य तयार होतं माझं.
त्यानं जनरेटरकडे बघितलं नाही.
झाडांच्या शेंड्यांकडे बघितलं. म्हणाला,
"बाये, राती वारें परततलें."

खारे वारे. मतलई वारे.
सातवीला होतं, दोन मार्कांना.
दिवसाचा बाण जमिनीकडे, रात्रीचा समुद्राकडे,
दोन्ही बाण काढले होते मी,
मार्कही पडले होते.

सगुण नाव त्याचं. बसला नाही.
उभ्याउभ्याच सांगितलं, जणू भरतीची वेळ सांगतोय:
वादळात खांब पडले त्या साली
भावानं असलंच मशीन आणलं मागून,
पेटीतली मासळी सांभाळायला.
पाऊस होता, म्हणून आत घेतलं. दार लावलं.
"सकाळीं सुंगटां एकदम ताजीं."
एवढंच म्हणाला. कुत्र्याला हाक मारली, गेला.

आम्ही दोघांनी मिळून उचललं ते धूड,
दर्याच्या बाजूला नेलं, वाळूत पाय रुतवत,
तीसच्या तीस फूट वायर सोडली.
कोणी काही बोललं नाही.
एसी चालला थोडा वेळ.
मी फ्रिज उघडून पाहिला, आपण सांभाळतोय तरी काय:
अर्धा लिटर दूध, सांगलीची द्राक्षं,
वाढदिवसाच्या केकचा कोपरा.
बाहेर जाऊन मीच बटण बंद केलं.

लगेच शांत झालं नाही काही.
कानात बराच वेळ चालूच होता तो.

दोनच्या सुमाराला जाग आली.
खिडकीतून हात बाहेर काढला.
वारं परतलं होतं.
मनगटावरचं लव उलट्या दिशेला,
आणि मागच्या डोंगरावरून काजूच्या बोंडांचा वास,
आंबूस, गोड, कुठंतरी भट्टी लागलेली असणार.
वास येत होता म्हणूनच भीती वाटली.
ज्याला वास नसतो ते याच वाटेनं आलं असतं,
नऊ पावलं चालून,
आमच्या उशाशी.

अभिनंदनला हलवलं. हलला नाही.
जोरात हलवलं.
"काय आहे तुझं मध्यरात्री," तो खेकसला,
घामानं भिजलेला, पाठीनं वैतागलेला,
एसीच्या नावानं बडबडत कूस बदलली.
मी त्याची बडबड संपेपर्यंत ऐकली.

सकाळी दूध नासलं होतं.
कोरा चहा केला. सगुणलाही दिला.
त्यानं कपात बघितलं, मग माझ्याकडे,
आणि दूध का नाही ते विचारलं नाही.