आक्षेप नाही

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत निघाली तेव्हा
गोळीबार चौकात मावशीच्या गॅलरीतून मी ओरडत होते:
रोगराई, ढेकूण, डास घेऊन जा गे मारबत!
घसा मोकळा झाला होता, म्हणून पुढचंही निघालं:
पंच्याहत्तर टक्के हजेरी घेऊन जा,
अडलेले रिझल्ट घेऊन जा,
लायब्ररीतला पानं फाटलेला पुरावा कायदा घेऊन जा गे मारबत!
खाली गर्दीत उत्पला रामटेके, गुलालानं माखलेली.
म्हणाली, उभी राय तू.
अध्यक्षाले घसाच लागते.

सूचक म्हणून सही तिचीच.
रामटेकेतल्या ट ला ती शेपूट काढते,
ओळीच्या खाली उतरणारं.
आरमोरीच्या शाळेत कुण्या गुरुजीनं
ते कधी खोडलं नाही.

अनुमोदक मिळायला दोन दिवस गेले.

कौस्तुभ लांबेकडे गाड्या तीन, टी-शर्ट चारशे.
चौकातल्या ठेल्यावर आठवडाभर
तर्री-पोहे त्याच्या खात्यावर.
मीही खाल्ले.
खोटं कशाला, तर्री झकास होती.

माझ्याकडे एक झेरॉक्स, चौदा मागण्या,
कलम, पोटकलम, परंतुक.
बाबांनी वाचली, काही बोलले नाहीत,
काठाला काठ लावून घडी घातली,
मागावरून उतरलेल्या लुगड्याची घालायचे तशी.
माग विकून नऊ वर्षं झाली.
हात अजून तसेच वळतात.

उत्पला म्हणाली, होस्टेलच्या टाकीचं लिही नं.
म्हटलं, उद्या.
मग म्हणाली, एकदा वर चढून पाहून त जा.
म्हटलं, पंधरावी मागणी करू, आता छापून झालं.
मी रोज घरी जाणारी, तांडापेठेतली,
आमच्या नळाला सकाळी साडेपाचला पाणी येतं,
मी ते भरूनच निघते.
तिसऱ्यांदा ती काही बोललीच नाही.
प्रचाराच्या धावपळीत बाटली पुढं केली फक्त.
मी म्हटलं, तहान नाही.

मोजणी अभिरूप न्यायालयाच्या खोलीत.
न्यायाधीशाच्या खुर्चीत खानझोडे सर,
साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मतपेटी.
पंखा फिरला की चिठ्ठ्या उडायच्या,
म्हणून पंखा बंद, आणि भादव्याचं ऊन
खिडकीतून थेट टेबलावर.
दोनशे बारा, दोनशे अकरा.
एक शिल्लक.

सरांनी ती उलटी केली, सुलटी केली, चष्मा काढला.
फुली माझ्याच नावापुढं. ठळक.
आणि खाली, निळ्या शाईत:
टाकीत पाल आहे.

हसले सगळे. लांबेसुद्धा.
तो मग म्हणाला, सर, हे तिचंच मत आहे,
बरोबरी धरा, चिठ्ठी टाका.
चांगला मुलगा आहे तो,
हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं.

मला युक्तिवाद येत होता.
मतदाराचा हेतू कागदावर स्पष्ट असेल तर...
दुसरी बाजूही येत होती:
मत देणारा ओळखू येईल अशी खूण असेल तर मत बाद.
सर म्हणाले, अक्षर कुणाचं, कोण सांगणार?
उमेदवार हेडाऊ, आक्षेप?

टाकीतल्या ट चं शेपूट
ओळीच्या खाली उतरलं होतं.

दाराशी उत्पला उभी होती.
माझ्याकडं नाही, बंद पंख्याकडं पाहत.

आक्षेप नाही, मी म्हटलं.

बाहेर ढोल लांबेचे.
पोरी म्हणाल्या, एका मतानं गेलीस गं,
कोण ती बिनडोक?
मी म्हटलं, काय माहीत.

संध्याकाळी लोखंडी शिडी चढले.
गंजानं तळवे लाल झाले.
झाकण दोघींनी मिळून सरकवलं.
आत आभाळाचा एक चौकोन,
त्यात आमची दोन डोकी,
आणि कडेला ती. खरंच होती.

उत्पलानं ब्रश माझ्या हातात दिला.
म्हणाली, पहिले पाणी सोडा लागते.
मी वाकून तोटी शोधू लागले.