ओळ चौदा

साक्रीच्या पुढे, बुराई वाळूपुरती उरते तिथे,
एक काळी भिंत शेतांमधून सरळ पूर्वेला जाते.
कोणी बांधली नाही,
म्हणून कुणाच्या वाटणीतही आली नाही.
सातबाऱ्यावर ती पोटखराबा.
माझ्या नकाशावर डोलेराइट डाईक,
रुंदी अकरा मीटर,
लांबी: अजून चालतेच आहे.

झुलाल भिंतीवर उकिडवा बसलेला.
"काय धुंडी ऱ्हायनात, ताई?"
लोखंड, मी म्हटलं. आणि त्याच्यासोबत टायटॅनियम.
दुसरं नाव त्याने तोंडात घोळवलं,
कळण्याच्या भाकरीतला खडा जिभेने शोधावा तसं,
आणि काही बोलला नाही.

खरं तर शोध त्याच्या पोराने लावला होता.
वरातीतला फाटका स्पीकर फोडून चुंबक काढलं,
सुतळीला बांधून नाल्यातून ओढत नेलं,
घरी आणलं तर त्याला मिशा फुटलेल्या.
त्या मिशा मी कागदावर झटकल्या,
पुडीवर तारीख घातली.

मोजणीचा नियम साधा: अंगावर लोखंड नको.
बक्कल, किल्ल्या, केसांतल्या पिना,
सगळं निंबाखाली गमछ्यावर.
झुलालने विळा ठेवला, करदोट्याची किल्ली ठेवली,
काडेपेटीही ठेवू का, विचारलं.
मग दर पाच मीटरला एक आकडा.
मी वाचायची, तो लिहायचा:
सगळे इंग्रजी, सात तेवढा मराठी.

होकायंत्र भिंतीजवळ चळतं.
मी सांगितलं, हा दगड निवला
तेव्हा सुई दक्षिणेकडे बघायची.
साडेसहा कोटी वर्षं झाली,
जग फिरलं, याने तीच दिशा धरून ठेवली.
"मन्हा बाप बी तसाच व्हता," झुलाल म्हणाला.

चौदाव्या ओळीवर आकडा उसळला.
एकदम दोन हजारांनी.
मी थांबले. झुलाल हातभर अंतरावर.
त्याचा हात मांडीवर गेला, चोरी सापडल्यासारखा.
"ताई, मन्हा पायमा पट्टी शे. धुयाले टाकेल."
ट्रॅक्टर उलटला ते साल, दवाखाना, बारा स्क्रू.
सांगितलं नाही, कारण रोज बुडाला असता.

त्याला शंभर पावलं लांब उभं केलं.
मोजलं. तोच आकडा.
जवळ बोलावलं. तोच.
पोराचं चुंबक मागवून मांडीला लावलं.
धरलं नाही.
विजारीवरून घरंगळत मातीत पडलं
आणि मातीने लगेच त्याला मिशा दिल्या.

तेव्हा मला उमगलं, याच्या हाडाला काय जोडलंय.
कुठल्याशा किनाऱ्याची काळी रेती
भट्ट्यांतून, वायूंतून जाऊन,
लोखंडाशी काडीमोड घेऊन
इथे भिंत चढते, उतरते,
शेळ्यांमागे धावते.
"मी शोधतेय ते तुमच्यातच आहे," म्हटलं.
तो आपल्याच पायाकडे बघत राहिला,
नव्या जावयाकडे बघावं तसा.

नागपूरला तुकडा घासून आरसा केला.
सूक्ष्मदर्शकाखाली मॅग्नेटाइटचा करडा दाणा,
त्यात इल्मेनाइटच्या बारीक पट्ट्या, तिरप्या, आडव्या,
खिडकीच्या जाळीसारख्या.
निवता निवता एकातून दुसरं वेगळं झालं,
आणि वेगळं होऊनही
बाहेर पडायला जागा नव्हती.

अहवालात लिहिलं: प्रमाण कमी, दाणा बारीक,
वेगळं करायचा खर्च निघणार नाही.
म्हणजे तलाठ्याचंच बरोबर होतं.

फोनवर सांगितलं तर झुलाल हसला.
"मन्हा पायमा शे तितलं बस."
मग जरा थांबून म्हणाला,
चौदाव्या ओळीची खूण अजून ठेवलीय,
दगडाला चुना मारून.
का, ते त्याने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
मागे शेळ्या ओरडत होत्या.