आणि बंधू

उद्यमनगरातून फोन. थोरले अतिग्रे.
"ते 'आणि बंधू' तेवढं काढून टाका. बास.
बाकी हाय तसं ऱ्हाऊ दे."

लॉगिन केलं. 'आमच्याविषयी' उघडलं, संपादन दाबलं.
दोन शब्द निळे झाले
आणि गेले.
कागदावर खोडलं असतं तर ओरखडा तरी उठला असता.

मग तळपट्टीत सापडले. मग दरपत्रकात,
बिडाच्या पुल्यांखाली,
ऑइल इंजिनाच्या झाकणांखाली,
एके ठिकाणी नुसत्या स्वल्पविरामाला लटकलेले.

"आणि जिथं तिथं 'आम्ही' आहे, त्याचं काय करू?"
पलीकडे लेथ तेवढी चालू.
"आम्ही ऱ्हाऊ दे.
आम्ही एकट्यानंबी म्हणतोयच की."

राहिला एक फोटो. फौंड्रीच्या दारात
मधे वडील, दोन्ही पोरं काजळीनं सारखीच काळी,
वर हातानं रंगवलेली पाटी.
पाटी कापायला गेले
तर वडिलांची टोपी जाते.
चौकट जरा वर, जरा खाली,
तीनदा करून बघितलं.
टोपी जातेच.

सांगितलं त्यांना.
"मग नका कापू," म्हणाले,
आणि फोन ठेवायचा विसरले बहुतेक,
कारण बराच वेळ लेथ ऐकू येत होती.

'अद्ययावत करा' दाबलं.
कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटली :
जुनी आवृत्ती जतन केली आहे.
हे मात्र मी बोलले नाही.

पाचशेचं बिल काढलं.
वर सवयीनं जुनंच नाव पडलं,
पाठवल्यावर लक्षात आलं.
संध्याकाळी पैसे आले.
चूक कुणी काढली नाही.