इतिवृत्त

कुमासीत हारमॅटनचे वारे सुटले की
कला महाविद्यालयाच्या भिंतीवरचे आठही माजी अधिष्ठाते
एकाच रंगाचे होतात.
अझारा ओल्या फडक्याने त्यांची तोंडं पुसते,
डावीकडून, सेवाज्येष्ठतेने.
नववी चौकट यायची आहे. खिळा मात्र ठोकून ठेवलाय.

मी इतिवृत्त लिहिते. एकोणीस वर्षं.
कोण किती वेळ बोललं ते लिहायचं नसतं,
कोण गप्प बसलं तेही नाही.
चित्रकलेचे डॉ. लार्टे चाळीस मिनिटं
परंपरेवर बोलले. मी लिहिलं, ‘चर्चा झाली.’
मध्येच वीज गेली, पंखा थांबला
आणि शिल्पकलेचे विभागप्रमुख घोरत असल्याचं
सगळ्यांना ऐकू आलं.
तेही चर्चेतच धरलं.

विषय क्रमांक सहा: भट्टीघर.
याव असियामा, तंत्रसहायक, मार्चअखेर निवृत्त.
विजेची नवी भट्टी आपलं तापमान आपणच बघते.
वीज असेल तेव्हा, असं कुणीतरी पुटपुटलं.
हसले सगळे. हसू लिहायचं नसतं.
अधिष्ठाता अफ्राकोमा बाईंनी चष्मा काढला.
‘वाचून दाखव.’
मी वाचलं: ‘सदर पद रिक्त ठेवण्याचे ठरले.’

किती सोयीचं आहे हे ठरणं.
आंबा पिकतो, दूध नासतं,
तसं पद रिक्त ठेवायचं ठरतं.
कर्ता शोधायला जावं तर
टेबलाभोवती बारा खुर्च्या, बारा पेले पाणी.
बाई त्या वाक्याकडे बघत राहिल्या,
चाकावरून उतरवलेलं मडकं उलटं धरून
तळाला चीर आहे का बघतात, तशा.
मग सही केली.

बाई इथल्याच. सव्वीस वर्षांपूर्वी
त्यांचं पदवीचं सगळं काम याच लाकडाच्या भट्टीत फुटलं,
बावीस भांडी, एका रात्रीत.
असियामाच्या भट्टीवहीत ती रात्र आहे,
निळ्या शाईत, ओळी वर चढत गेलेल्या:
‘घाई मी केली. माती ओली होती, मला माहीत होतं.
मुलगी रडली. मी तिला केंके आणून दिलं.
तिने खाल्लं नाही.’
त्या वहीत आपोआप काहीच झालेलं नाही.
लाकूड कुणी सारलं, दार कुणी लवकर उघडलं,
डोळा कुणाचा लागला,
सगळं नावानिशी.

संध्याकाळी पत्र घेऊन मी खाली निघाले
तर बाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.
तरी मी मागोमाग गेलेच.
चाव्यांचं रजिस्टर माझ्याकडे असतं, तेवढं निमित्त पुरे.

भट्टी पेटलेली होती.
असियामा विटेमागच्या भोकातून आत बघत होता,
भुवया अर्ध्या जळलेल्या.
आच त्याला रंगावरून कळते.
पाकीट त्याने फोडलं नाही.
‘कुणी ठरवलं?’

वर बारा सह्या होत्या,
अक्राहून आलेलं परिपत्रक होतं,
कापून कापून उरलेलं अंदाजपत्रक होतं.
बाईंना यातलं काहीही पुढे करता आलं असतं.
‘मी,’ त्या म्हणाल्या.

त्याने मान हलवली.
होकार नव्हता तो, नकारही नव्हता.
‘अफ्रा, मागे सरक. आच लागते.’
आणि बाई सरकल्या.

मार्च सरला. पद रिक्त आहे.
विजेची भट्टी तीनदा अर्ध्यात विझली.
त्यावर चर्चा झाली.
भट्टीघराची चावी माझ्या खणात असते.
शुक्रवारी पाचनंतर बाई ती मागून नेतात,
रजिस्टरात सही करतात,
‘कारण’ हा रकाना कोरा सोडतात.
शनिवारी सकाळी अझारा
त्यांच्या दालनातल्या गालिच्यावरची राख झाडते
आणि केराची टोपली उचलताना
माझ्याकडे बघते.